तुम्ही विचारलंत म्हणून: घरी कोण आहे?

पुण्याला नणंदेकडे गेले की, प्रशिक्षणात दुसऱ्या जिल्ह्यातल्या शिक्षिका भेटल्या की, प्रश्न ठरलेला असतो. "नववी-दहावीची पोरं घरात तोंड उघडत नाहीत. तुम्हाला त्यांच्या मनातलं कळतं कसं हो?" आजवर मी थोडक्यात काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

मनातलं मला कळत नाही. आज त्या पोराच्या घरी कोण आहे, एवढं मात्र मी माहीत करून घेते.

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात. ऊसतोडीची माणसं जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. ट्रक, ट्रॅक्टर येतात. भांडीकुंडी, सरपण, धाकटी लेकरं चढतात आणि माणसं ऊस तोडायला साखर कारखान्याला जातात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी पार कर्नाटकात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. अगदी लहान लेकरं आईबरोबर कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत, राहतात. नववी-दहावीचं पोर मात्र मागे ठेवतात. शाळा बुडू नये म्हणून, आणि म्हातारीकडे, शेळ्यांकडे बघायला कुणीतरी हवं म्हणूनही.

आता हे बघा. शिक्षणहक्काचा 2009 चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, आठवीपर्यंतचा. पोषण आहार आठवीपर्यंत. हंगामी वसतिगृहंही त्याच वयाच्या मुलांसाठी. म्हणजे जून महिन्यात मूल नववीच्या वर्गात येतं तेव्हा शाळेतली खिचडी बंद झालेली असते, आणि चार महिन्यांनी आईबापही गावात नसतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना 2021 साली आली. 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं, प्रत्येकी शंभर मुलांची. योजना चांगली आहे, ज्याला जागा मिळाली त्याचं वर्ष तरलं. माझ्या वर्गातली बरीचशी पोरं तरीही घरीच असतात.

अशाच एका डिसेंबरात एक मुलगा तिसऱ्या तासाला बाकावर डोकं ठेवून झोपायचा. मी रागावले. मग मधल्या सुट्टीत बोलावून प्रेमाने विचारलं, "काय झालं रे?" "काही नाही मॅडम." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी, दुसरं काही सुचेना म्हणून, विचारलं, "घरी कोण आहे सध्या?"

"मीच हाय."

आजी आजारी पडली होती, चुलत्याने तिला तालुक्याला नेलं होतं. हा पोरगा आणि त्याची पाचवीतली बहीण, दोघंच अकरा दिवस घरात. रात्री भीती वाटते म्हणून बहिणीला झोप यायची नाही, आणि ती झोपेपर्यंत हा जागा. पहाटे उठून भाकरी. आईबापांना कळवलं नव्हतं, कारण उचल फिटायची होती आणि ते काम टाकून आले असते.

त्या दिवसापासून "काय झालं?" हा प्रश्न मी जवळपास सोडून दिला. त्याचं उत्तर द्यायला मुलाला आधी आपलं दुःख आपणच उलगडावं लागतं. मोठ्यांना ते जमत नाही, तिथे चौदा वर्षांच्या पोराला कुठून जमणार? घरी कोण आहे, रात्री भाकरी कुणी केली, पाणी कुणी आणलं, हे मात्र कुठलंही मूल सांगतं. बाकीचं आपण समजून घ्यायचं असतं. आणि त्या आधी मी त्याला वर्गासमोर बोलले होते, ते चुकलंच माझं. त्याची माफीही मी वर्गासमोरच मागितली.

दसऱ्यानंतर माझ्या डायरीत प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने लिहिलेलं असतं: आजी, मामा, थोरली बहीण, एकटा. पेन्सिलीने, कारण हे दर पंधरा दिवसांनी बदलतं. नावापुढे "एकटा" आलं की त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगायचं आणि गल्लीतलं एक तरी घर गाठायचं. परिपाठाला उभ्या पोरांवरून नजर फिरवताना मी गणवेशापेक्षा चपला बघते, आणि डबा आणलाय का ते बघते. डबा नसलेलं मूल मधल्या सुट्टीत नळाकडे जातं आणि घंटा होईपर्यंत तिथेच रेंगाळतं.

एका मुलीचं मात्र मला अजून बोलवत नाही. तरी सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

तोडीला जोडी लागते. नवराबायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. वयात आलेली मुलगी मागे एकटी ठेवायची भीती, कोपीवर सोबत न्यायचीही भीती, आणि लग्न झालेल्या जोडीला पूर्ण कोयत्याची उचल. या सगळ्याचा हिशोब मिळून दिवाळीच्या आसपास आमच्याकडे पंधरा-सोळा वर्षांच्या पोरींची लग्नं ठरतात. आईबापांना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांची भीती खरी आहे. पण लग्न हा त्यावरचा इलाज नाही.

ती मुलगी नववीत होती. शाळा सुटल्यावर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, एक सांगू? कुणाला सांगणार नाही ना?" मी म्हटलं, "नाही सांगणार." तिने सांगितलं. आणि दिलेला शब्द मोडायचा की नाही, या विचारात मी तीन दिवस घालवले. चौथ्या दिवशी ती आली नाही. लग्न उरकलं होतं.

आता मी तो शब्द कुणालाच देत नाही. कुणी "सांगणार नाही ना?" म्हटलं की आधी सांगते, "तुझं सगळं ऐकीन. पण तुझ्या जिवाला धोका असेल, कुणी हात लावला असेल, लग्न ठरवलं असेल, तर मी गप्प बसणार नाही. कुणाला सांगणार ते मात्र आधी तुला सांगेन." काही मुलं हे ऐकून उठून जातात. जाऊ देते. पुढे दोन वर्षांनी एक अशीच उठून गेली होती. तिसऱ्या दिवशी वह्या तपासायला ठेवण्याच्या निमित्ताने परत आली आणि उभ्याउभ्या म्हणाली, "मॅडम, सांगा कुणाला सांगायचं ते." त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांना घेऊन आम्ही ग्रामसेवकांकडे गेलो, कारण गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला. लग्न थांबलं. तिची आई वर्षभर माझ्याशी बोलली नाही, बाजारात दिसली की तोंड फिरवायची. पोरगी दहावी झाली, आता अकरावीला तालुक्याला जाते.

समुपदेशक हवाच, यात वाद नाही. शंभर आणि त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलंय. आमच्याकडे अजून कुणी आलेलं नाही. एका मुलाने मनगटावर ब्लेड मारून घेतलं होतं, तेव्हा माझ्या आवाक्याबाहेरचं आहे हे मला कळलं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर स्टाफरूममधून फोन लावला, त्याला शेजारी बसवून. पलीकडचा माणूस मराठीत बोलला, शांतपणे बोलला. आपल्याला न झेपणारं ओळखून ते योग्य हातात देणं हेही वर्गशिक्षकाचंच काम आहे.

शनिवारी रात्री आठनंतर मी मुकादमांच्या नंबरवर फोन लावते. दिवसभर माणसं फडात असतात, रात्री कोपीवर सापडतात. सुरुवातीला आया घाबरायच्या, शाळेतून फोन म्हणजे पोराने काहीतरी केलं. आता सवय झालीय. अभ्यासाचं कुणीच आधी विचारत नाही. "मॅडम, बारीक झालाय का हो?" असं विचारतात. गेल्या शनिवारी एकीला म्हटलं, नाही, उंच झालाय, पँट आखूड पडतेय. ती क्षणभर थांबली आणि मग नवऱ्याला मोठ्याने हाक मारून म्हणाली, "आवो, ऐकलं का, पोरगं उंच झालंय."