ॲटनबरो नावाचं गाव, ॲटनबरो नावाची माणसं

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात राहायला आलं की ॲटनबरो हे नाव पिच्छा सोडत नाही. युनिव्हर्सिटीत १८ मजल्यांचा ॲटनबरो टॉवर आहे. तिथे कित्येक वर्षं बिनदाराची, न थांबता फिरत राहणारी लिफ्ट होती. चालत्या एसटीत चढावं तसं तिच्यात चढायचं. टॉवरला नाव दिलंय फ्रेडरिक ॲटनबरो यांचं. १९३२ पासून १९५१ पर्यंत ते इथल्या कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांचे दोन मुलगे आपल्याला चांगले ठाऊक आहेत: 'गांधी' सिनेमावाले रिचर्ड आणि प्राणीसृष्टीवाले डेव्हिड.

हे आडनाव मुळात एका गावाचं. नॉटिंगहॅमच्या नैऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठी ॲटनबरो आहे. तिथे रेल्वे स्टेशन आहे, जुनं चर्च आहे आणि रेती-खडी काढून झालेल्या खाणींची मोठाली तळी आहेत. १९६६ मध्ये त्या तळ्यांचं पक्षी-अभयारण्य झालं, आणि उद्घाटनाला कोण? डेव्हिड ॲटनबरो. संयोजकांना पाहुणा शोधायला फार डोकं खाजवावं लागलं नसेल.

इंग्लंडमध्ये सर्वसामान्यांची आडनावं १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतर हळूहळू, दोन-तीनशे वर्षांत रुजली. गावावरून पडलेलं नाव बहुतेकदा गाव सोडल्यावरच चिकटायचं. गावात राहून काय उपयोग, तिथे सगळेच तिथले! आपल्या 'कर'वाल्यांचंही असंच. फरक एवढाच की आपल्याकडे एकाच गावावरून वेगवेगळ्या जातींच्या, एकमेकांशी काही नातं नसलेल्या घरांना तेच आडनाव मिळालेलं दिसतं. त्यामुळे आडनाव जुळलं तरी सोयरीक जुळवणारे कुळ विचारायचं सोडत नाहीत.

ॲटनबरोंचं मात्र रक्तही जुळतं. डीएनएवरून माणसाची ओळख पटवायची पद्धत ॲलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये याच लेस्टरमध्ये सापडली. पुढे तिथल्याच ट्युरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांचे वाय गुणसूत्र तपासले आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापले. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं आणि आडनावही तसंच. स्मिथ मंडळींमध्ये काहीच मेळ नव्हता. रस्त्यावरचे कुठलेही पुरुष गोळा केले असते तरी तेच दिसलं असतं. साहजिकच आहे, स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगावी होते. पण ॲटनबरोंपैकी दहातल्या जवळजवळ नऊ जणांचं गुणसूत्र एकाच प्रकारचं निघालं, आणि तोही ब्रिटनमध्ये एरवी विरळा असलेला प्रकार. म्हणजे बहुतेक सगळे एकाच मूळ पुरुषाचे वंशज.

याचा अर्थ गाव सोडून एकच माणूस बाहेर पडला असा नाही. अनेकांना हे नाव पडलं असेल. कुणाला मुलगेच झाले नाहीत, कुणाचा वंश साथीत संपला, आणि एकाचा मात्र विस्तारत गेला. उरलेल्या दहाव्याची कारणं आपल्यालाही परकी नाहीत: दत्तक मूल, आईचं आडनाव लावणारा मुलगा, आणि कधी ज्याची घरात वाच्यता होत नाही ते.

मला खटकतं ते एवढंच की या सगळ्या हिशेबात बाया कुठेच नाहीत. रिचर्ड ॲटनबरोंच्याच 'गांधी'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय म्हणजे भानू अथैया. त्या कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये, पण आडनावावरून हे कुणाला कळणार?