जुन्या रोल्सचा ब्रेक थरथरतो तेव्हा

बडोद्यात जुन्या गाड्यांचं वेड तसं जुनंच, २०२३ ला लक्ष्मी विलास पॅलेसवर मोठा शो झाला तेव्हापासून तर ओळखीतले लोक ब्रेकबद्दल सारखे विचारतात, आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच, "लायनर बदलून टाकू का?"

अहो थांबा, आधी ऐका तरी! हलका ब्रेक दाबल्यावर बारीक किंचाळी येत असेल तर लायनर, म्हणजे ब्रेक शूजवरचं घासणारं अस्तर (लायनिंग), बहुतेक काचेसारखं गुळगुळीत झालंय. पण थरथर असेल, आणि गाडी हळू होईल तसा तिचा ठेकाही हळू होत असेल, तर संशय ड्रमवर घ्यायचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ज्या डब्याला हे शूज आतून घासतात त्यावर, तो ड्रम गोल राहिलेला नाही. स्टीअरिंग हललं तर बहुधा पुढचा, सीटखाली जाणवलं तर मागचा. रोल्स-रॉईसच्या जुन्या २०/२५ मॉडेलमध्ये हँडब्रेकचे शूज मागच्याच ड्रममध्ये पण वेगळे असतात, म्हणून मोकळ्या रस्त्यावर हळू चालवत नुसता हँडब्रेक अलगद ओढायचा, तीच थरथर आली की मागचा ड्रम पकडला गेला.

या २०/२५ चा सर्वो, म्हणजे ब्रेकला जादा जोर देणारी यंत्रणा, गिअरबॉक्सवरून फिरतो, त्यामुळे उभ्या गाडीत तो कामच करत नाही, गॅरेजमध्ये पेडल दाबून त्याचं काहीच कळत नाही. सर्वोवर ऑइल झिरपलंय का तेही बघा.

मकरपुऱ्यात लेथवाले भरपूर आहेत, पण ड्रम हबसकट लावून आधी डायल गेज लावून तो किती वाकडा फिरतो ते मोजायला सांगा, उगाच धातू घालवू नका, असे ड्रम आता सहज मिळत नाहीत हो. आणि जुन्या लायनिंगची धूळ हवा मारून अजिबात उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसांना घातक.