डावा कान उघडा

वयामुळे येणारा बहिरेपणा दोन्ही कानांना जवळजवळ सारखाच येतो. म्हणून ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या श्रवणचाचणीत एक कान दुसऱ्यापेक्षा ठळकपणे मागे पडलेला दिसला, तर ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञाने, त्या चाचणीचा आलेख तसाच फाईलला लावू नये, त्याचे कारण शोधावे, असे आम्हाला पहिल्यापासून शिकवलेले असते. २०२४ च्या ऑक्टोबरात दादरच्या माझ्या क्लिनिकमध्ये हवाई दलातून निवृत्त झालेले एक वॉरंट ऑफिसर आले. त्यांच्या बाबतीत कान-नाक-घसा तज्ज्ञांनी एमआरआय करून कानाच्या नसेवर गाठ नसल्याची खात्री आधीच करून घेतली होती, पण डावा कान उजव्यापेक्षा इतका अधिक का गेला, याचे उत्तर त्या जाड फाईलमध्ये कुठेच नव्हते. ते त्या दिवशी त्यांच्याच बोलण्यातून मिळाले. त्यांच्या परवानगीने, नाव न देता, ते इथे लिहीत आहे.

काका तेव्हा ८२ वर्षांचे होते. १९६० मध्ये इंजिन फिटर म्हणून ते हवाई दलात भरती झाले, पुढे प्रशिक्षण घेऊन फ्लाइट इंजिनिअर झाले आणि उड्डाणाची बहुतेक वर्षे त्यांनी फेअरचाइल्ड पॅकेट या दोन शेपट्यांच्या मालवाहू विमानावर काढली. आता ते घाटकोपरला मुलाकडे राहतात. सोबत सूनबाई आल्या होत्या आणि तक्रार त्यांनीच मांडली, तीही मला अनेक घरांतून ऐकायला मिळते त्याच शब्दांत: "बाबांना हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं." घरावरून सांताक्रूझला उतरणारी विमाने जातात, त्यांतले एखादे पंख्याचे विमान असले तर वर न बघता बाबा ते ओळखतात, पण शेजारी बसलेली नात चार वेळा विचारते तेव्हा त्यांच्याकडून उत्तर येत नाही. कुणीतरी स्मृतिभ्रंशाची तपासणी करून घ्या असेही सुचवले होते. सूनबाईंच्या आवाजात राग कमी आणि धास्ती जास्त होती.

मुळात ते आले एका भांडणानंतर. सप्टेंबरच्या अखेरीस टीव्हीवर बातमी होती, की रोहतांगच्या परिसरातील हिमनदीत चार जवानांचे पार्थिव सापडले. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहला निघालेले अँतोनोव्ह-१२ जातीचे विमान खराब हवामानामुळे लेहजवळून मागे फिरले आणि १०२ माणसांसह नाहीसे झाले. त्याचे अवशेष २००३ मध्ये गिर्यारोहकांना दिसले, तेव्हापासून शोधमोहिमांत थोडेथोडे काही हाती लागत राहिले आणि ५६ वर्षांनी हे चौघे मिळाले. १९६८ मध्ये काका चंदीगडच्या तळावर होते. त्या विमानावरचे लोक त्यांना चेहऱ्याने ठाऊक होते. बातमीतली नावे कळावीत म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज शेवटपर्यंत चढवला, तरी नावे कळली नाहीत, शेजाऱ्यांनी बेल वाजवली आणि घरात आवाज चढले. त्या रात्री काय झाले होते हे सूनबाईंनाही माझ्यासमोरच पहिल्यांदा कळले, कारण काकांनी घरी एवढेच म्हटले होते की बातमी बघत होतो.

ध्वनिरोधक खोलीत चाचणी झाली. काकांचे सहकार्य उत्तम होते. आवाज आला की बटण दाबा, असे सांगितल्यावर अंदाजाने बटण दाबणारे पुष्कळ असतात, पण काका खात्री झाल्याशिवाय अंगठा हलवत नव्हते. आलेखात २५० आणि ५०० हर्ट्‌झपर्यंत, म्हणजे खालच्या सुरांत, त्यांचे ऐकणे त्यांच्या वयाच्या मानाने फार चांगले निघाले, आणि तिथून पुढे रेषा कड्यावरून पडावी तशी ४,००० हर्ट्‌झशी खोल गेली. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम केलेल्यांच्या कानाची हीच खूण असते. आतल्या कानातील शंखाकृती नळीत सूक्ष्म केसपेशी असतात, त्यांतल्या या पट्ट्यातल्या पेशी गोंगाटाने आधी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा धरली, तर दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होत जाते आणि १०० डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटे उरते.

मी आलेख सूनबाईंसमोर ठेवला. स्वर खालच्या पट्टीत असतात, त्यामुळे कुणीतरी बोलते आहे हे काकांना कळते. स, श, त, थ, फ ही व्यंजने वरच्या पट्टीत असतात आणि शब्द ओळखण्याची सारी भिस्त त्यांच्यावर असते. नातीचा कोवळा आवाज तर अधिकच वर असतो. विमानाच्या पंख्याची घरघर मात्र अगदी खाली असते, जिथे काकांचा कान अजून शाबूत आहे. हवे तेव्हा ऐकू येते हा आरोप किती घरांत किती म्हाताऱ्यांवर होत असेल, या विचाराने मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होते. सूनबाई आलेखाकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे बाबा मुद्दाम नाही करत."

राहिला डावा कान. बंदुकीने नेम धरणाऱ्यांचा एक कान अधिक जातो, म्हणून मी रायफलबद्दल विचारले. काकांनी मान हलवली. मग मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले: काम करताना कानावर काय असे? ते वाचून त्यांनी उजवा तळवा उजव्या कानावर घट्ट दाबला आणि डावा कान बोटाने मोकळा करून दाखवला.

"हेडसेट. उजवा आत, डावा उघडा. इंटरकॉमवर कॅप्टन, आणि मागून पोरांचा आवाज."

पोरे म्हणजे सैन्याच्या आर्मी सर्व्हिस कोअरची इजेक्शन क्रू, विमानातून माल बाहेर ढकलणारी माणसे. पॅकेटच्या मागच्या बाजूला शिंपल्यासारखे उघडणारे दोन मोठे दरवाजे असत, पण ते हवेत उघडता येत नसत, म्हणून मालाच्या फेकीला जाताना ते तळावरच काढून ठेवत आणि विमान मागून सताड उघडे उडे. त्या भगदाडातून हिमालयाची थंडी आणि दोन्ही बाजूंच्या अठरा-अठरा सिलिंडरच्या इंजिनांचा आवाज सरळ आत येई. फेकीच्या जागेवर हिरवा दिवा लागला, घंटा वाजली की मागची पोरे तांदळाची, आट्याची पोती, रॉकेलचे डबे बाहेर लोटत. काही माल पॅराशूटला बांधलेला असे, काही दुहेरी गोणपाटात भरून तसाच टाकत. सगळा माल एका फेरीत जात नसे. दरीत वळून विमान पुन्हा त्याच रेषेवर आणावे लागे, आणि एखादी पॅलेट अडकली की मागचा माणूस ओरडे. ते ओरडणे ऐकू यावे म्हणून काका डावा कान उघडा ठेवत. अडकलेल्या वजनाने विमानाचा तोल जातो, आणि डोंगरांच्या मध्ये तो सावरायला जागा नसते.

"कापूस?" मी लिहिले.

"उजव्यात घालायचो. डाव्यात घालून कसं चालेल?"

त्याशिवाय लेहचे काम होते. लेहची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे. तिथे दुपारी वारा उठतो, म्हणून विमाने सकाळीच येऊन जात, आणि त्या थंडीत, विरळ हवेत बंद केलेले इंजिन पुन्हा चालू होईल याचा भरवसा नसे, म्हणून इंजिने चालू ठेवूनच माल उतरवत. माल उतरेपर्यंत काका खाली उभे राहून चालू इंजिनावर नजर ठेवत. एवढ्या उंचीवर पिस्टन इंजिनांचा जोर कमी पडतो, म्हणून काही पॅकेटच्या पाठीवर एक ऑर्फियस जेट इंजिन बसवले होते, नॅट या लढाऊ विमानात असे तेच. त्याची किंचाळी वरच्या सुरातली. काकांनी हात वर करून ती दाखवली, आणि माझ्या डोळ्यांसमोर आलेखातला तो कडा आला.

२४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्यांना घेऊन लेहला डकोटा उतरवले, तेव्हा त्या उंचीवर विमान नेणे हेच अघटित होते. १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पाच हजार मीटरांहून अधिक उंचीच्या दौलत बेग ओल्डीला पॅकेट उतरवले. ही नावे नोंदली गेली, ते योग्यच झाले. पण त्यांच्यासारख्या वैमानिकांच्या मागे बसून इंजिनाचे तापमान, तेलाचा दाब बघणारे इंजिनिअर, मोर्सवर निरोप धाडणारे सिग्नलर आणि उघड्या भगदाडाशी कमरेला पट्टा बांधून उभी राहणारी पोरे यांची आठवण बहुधा त्यांच्या घरांतच राहिली, आणि घरांत ती सांगायची तर ऐकणाऱ्याचा प्रश्न आधी सांगणाऱ्याला ऐकू यावा लागतो.

त्यानंतर काकांनी जे सांगितले, ते मला तपासून बघावेसे वाटले. दोन्ही इंजिने अगदी एका वेगाने फिरत नसली, तर विमानात आवाजाची लाट येते, चढते, उतरते. तासन्‌तास ती ऐकली की डोके भणभणते. मग लिव्हर केसभर सरकवायचा, लाट लांबते, आणखी सरकवायचा, लाट विरून जाते. "मीटर बघायची गरज नसायची. कान सांगायचा."

पॅकेटचा पंखा मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेई आणि त्याला चार पाती असत, म्हणजे सेकंदाला साधारण ६५ ते ७० फटके. मी संगणकावर ६६ हर्ट्‌झचा एक सूर लावला, त्यात ६९ हर्ट्‌झचा दुसरा मिसळला आणि दोन्ही हेडफोनमधून त्यांच्या उजव्या कानात सोडले. काकांचा चेहरा बदलला. त्यांनी डोळे मिटले, उजवा हात मांडीच्या बाजूला पुढे नेऊन मूठ वळवली, आणि त्या मुठीच्या हालचालीप्रमाणे मी दुसरा सूर खाली आणत गेले. सेकंदाला तीन लाटा होत्या, त्यांच्या दोन झाल्या, मग एक. अर्ध्या हर्ट्‌झचा फरक उरला तेव्हा मला वाटले की झाले. काकांनी मान हलवली आणि मूठ आणखी जरा मागे घेतली. दोन्ही सूर एक झाले त्या क्षणी त्यांनी तळहात आडवा धरला. पुन्हा करून बघितले, या वेळी वरून न येता खालून आले, तरी तळहात त्याच ठिकाणी आडवा झाला. नातीचा शब्द न कळणारा हा कान इतका नेमका असू शकतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण समोर बघताना अंगावर काटा आला. स्मृतिभ्रंशाची शंका मी माझ्यापुरती तरी तिथेच बाजूला ठेवली.

मग काका थांबेनात. ११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी टांगाईलवर दुसरी पॅरा बटालियन उतरवली गेली, त्या ताफ्यात डकोटा, पॅकेट, अँतोनोव्ह-१२ आणि कॅरिबू अशी विमाने होती आणि त्यांतल्या एका पॅकेटवर काका होते. माणसे उतरवताना मागचे दरवाजे लावलेले असत आणि उड्या त्यांतल्या लहान दारांतून होत. शेवटचा जवान गेला की त्यांच्या छत्र्या उघडणारे पट्टे दाराबाहेर लोंबकळत राहत आणि वाऱ्याने विमानाच्या अंगावर फाडफाड आपटत. ते ओढून आत घ्यावे लागत. "नुकती पोरं बसलेली. बाकं रिकामी, आणि बाहेर ते पट्टे," एवढे बोलून त्यांनी पाणी मागितले. सूनबाईंनी ग्लास दिला आणि विचारले, "बाबा, ही बांगलादेशची लढाई का?" त्यांनी तोंडाकडे बघून ओठ वाचले आणि होकार दिला. लग्न होऊन घरात आल्यापासून त्या घरात हे कुणी विचारलेच नव्हते.

दोन्ही कानांना चाचणीपुरती श्रवणयंत्रे लावली. वरच्या सुरांना जोर दिला, खालच्यांना हात लावला नाही, डाव्या कानाची पट्टी निराळी बसवली. गेलेल्या पेशी यंत्राने परत येत नाहीत, डाव्या कानाला शब्दांची स्पष्टता मर्यादितच राहील आणि सवय व्हायला काही आठवडे लागतील, हे दोघांनाही स्पष्ट सांगितले. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेसाठी लागणारा अहवाल लिहिताना कारणाच्या रकान्यात हेडसेटची हकीकत सविस्तर घातली. असमान बहिरेपणाचे इतके स्वच्छ स्पष्टीकरण क्वचितच हाती लागते आणि पुढच्या तपासणाऱ्याला ते कळले पाहिजे.

यंत्र घालून सर्वात आधी काय ऐकायचे, हे काकांनी मनाशी ठरवून ठेवले होते. डोंबिवलीला त्यांचे जुने फ्लाइट सिग्नलर राहतात. दोघांचा फोन आता होत नसे. साध्या फोनवरून मुळात साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज जातो, त्यात दोघेही बहिरे, त्यामुळे हॅलो-हॅलो करून दोघेही ठेवून देत. मी फोन ब्लूटूथने यंत्रांना जोडला. पलीकडचे पहिलेच वाक्य काकांना पूर्ण कळले आणि ते खुर्चीत ताठ बसले. अडचण आता पलीकडे होती. लेहच्या एका खेपेत रॉकेल होते की जिवंत मेंढ्या होत्या यावर वाद सुरू झाला, काका रॉकेल म्हणत आणि पलीकडून उत्तर येई ते तब्येतीबद्दलचे. अखेर फोन सिग्नलर काकांच्या मुलीकडे गेला आणि काकांनी तो मला दिला.

मी सिग्नलर काकांना पुढच्या गुरुवारची वेळ दिली. हेडसेट कोणत्या कानावर असे ते विचारून ठेवा आणि जुने उड्डाणाचे लॉगबुक असेल तर घेऊन या, असे सांगितले, कारण कोणत्या विमानावर किती तास गेले ते त्यात लिहिलेले असते. काका बाजूने म्हणाले, "मीपण येतो गुरुवारी. मेंढ्या होत्या की रॉकेल, तेही त्यातच सापडेल."