आमची वाटचाल: करवत, दिवा आणि एक उलटा फर्मा

भागीदारीत बाइंडिंगचं युनिट काढलं तेव्हा एक जुनं कटिंग मशीन, एक फोल्डिंग आणि जुळणीचं, म्हणजे पुस्तकाचे फर्मे (मोठा छापील कागद घडी घालून झालेले पानांचे संच) क्रमाने लावायचं, लांब टेबल एवढीच आमची इस्टेट होती. नंतरची बरीच वर्षं कामं आली, वेळेत गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

जुळणीला अंध कारागीर घ्यायचा, ही कल्पना माझ्या भागीदाराची. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर काळी खूण छापलेली असते, पुढच्या फर्म्यावर ती थोडी खाली. हा खुणांचा जिना सरळ उतरला की जुळणी बरोबर, हे आपण सगळे जाणतो. "त्याला खुणा दिसणार कशा?" असं मी विचारलं, तर भागीदाराने बारीक पात्याची करवत काढली. एकेका फर्म्याचा गठ्ठा शिकंजात आवळला आणि खुणेच्या जागीच उथळ खाच पाडली. आता जुळलेल्या पुस्तकाच्या पाठीवरून नख फिरवलं की जिना बोटाला लागतो. फर्मा दुबार आला तर पायरी रुंद लागते, सुटला तर नख अडखळतं, उलटा गेला तर खाच भलतीकडेच. परफेक्ट बाइंडिंगला, म्हणजे शिलाईऐवजी पाठीला गोंद लावायचा तेव्हा, पाठ तासली जातेच, तिच्याबरोबर खाचही जाते.

फोल्डिंगवरचा मुलगा कर्णबधिर. दोन कागद एकदम आत गेले की वाजणारी डबल शीटची घंटी त्याला ऐकू येत नाही, म्हणून तिच्याच वायरीवर पिवळा दिवा जोडला. त्याचा हात सतत फ्रेमवर असतो. रोलर घसरायला लागला की आमच्याआधी त्याला कळतं.

मग ते शालेय पुस्तकांचं काम आलं. काही प्रतींत एक फर्मा उलटा गेला. आमच्याच धंद्यातला एकजण गिऱ्हाइकाकडे पोचला आणि म्हणाला, "आंधळ्याच्या हातची जुळणी, दुसरं काय होणार? तो दयेचा कारखाना आहे." त्या प्रती रात्रपाळीच्या होत्या. डोळस हंगामी माणसांनी जुळवलेल्या, आणि आमचा कारागीर तेव्हा घरी होता. हजेरीचं रजिस्टर घेऊन मी गेलो, ते कुणी उघडलंसुद्धा नाही. काम गेलं, बिल अडकलं, मशीनचे हप्ते थकले. युनिटला कुलूप लावायचीच वेळ आली होती. त्या माणसाने नंतर तेच काम घेतलं, हे मी विसरलेलो नाही.

तेव्हा कवितासंग्रह काढणारे एक प्रकाशक आले. आम्ही त्यांना काका म्हणतो. टेबलावरचं जुळलेलं पुस्तक त्यांनी उचललं, डोळे मिटले, पाठीवरून नख फिरवलं. म्हणाले, "सातवा फर्मा नाहीये." खरंच नव्हता, तो गठ्ठा अजून यायचा होता. पुढच्या चार पुस्तकांचे अर्धे पैसे तिथेच ठेवून गेले. त्यावर आम्ही तगलो.

तेच काम घेणाऱ्या त्या माणसाच्या कारखान्यात मी स्वतः पाहिलंय: कटिंगला एका हाताचा माणूस, आणि दोनपैकी एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं. असं कधीही करू नका. दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय पातं उतरत नाही, ते हात बाहेर राहावेत म्हणूनच. चिकटपट्टी राहिली, तर पुढच्या पाळीच्या धडधाकट माणसाचाही एक हात पात्याखाली मोकळा. अशा माणसाला पिनिंगवर, म्हणजे मासिकांच्या अंकांना पिना मारायला, द्या. पायपट्टी असतेच, टेबलाला आडवी पट्टी ठोकली की एका हाताने अंक नीट बसतो.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव मानलाय. मालकावर बेसुमार बोजा पडू नये, हेही त्यातच आहे. एक करवत आणि एक दिवा हा ज्याला बोजा वाटतो, त्याने धंद्यात पडूच नये.

आणि खाच पाडणार असाल तर तासणीच्या खोलीपेक्षा उथळ ठेवा. शिलाईच्या पुस्तकाला मात्र हा उपाय चालत नाही, तिथे पाठ तासत नाहीत.