अंभोऱ्याच्या पाण्यावर दोन दिवस, आणि आमच्या बोटीची दुखणी

शनिवारी सकाळी सहाला दिघोरी चौकात तर्री पोहे खाल्ले, दोन प्लेट बांधून घेतले आणि उमरेड रोडला लागलो. गाडीत मी, बायको, ताई, भाऊजी आणि त्यांची आठ वर्षांची पोरगी. डिक्कीत एक बॅटरी, पाण्याचे तीन जार, भाकरी, वांग्याचं भरीत, गोधड्या आणि टूलबॉक्स, त्यात टूलबॉक्स सगळ्यात जड. केबिन क्रूझर, म्हणजे आत झोपायची खोली असलेली मोटरबोट, घेऊन दोन वर्षं झाली, एकही ट्रिप अशी नाही झाली की पाना हातात न घेता घरी आलो.

लोक विचारतात, नागपूरला कसली बोट, इथं समुद्र कुठाय. समुद्र नाही पण पाणी आहे नं. कुही, मांढळ, वेलतूर करत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर गेलं की अंभोरा. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्या इथं एकत्र येतात, टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे, वरून तारांवर तोललेला तो नवा पूल नागपूर आणि भंडारा जिल्हा जोडतो, आणि खाली पवनीकडं गोसीखुर्द धरणानं पाणी अडवल्यामुळं नोव्हेंबरात नदीला काठच दिसत नाही असं पसरलेलं असतं. धरणाची पायाभरणी 1988 ची, 33 दारं आहेत त्याला. या पाण्याखाली गावं गेलीत, शेतं गेलीत, झाडं तर अजून कुठं कुठं शेंडे वर काढून उभी आहेत. बोट चालवताना ते विसरून चालत नाही, मला तरी विसरता येत नाही.

बोट चोवीस फुटी आहे, अमेरिकेत बनलेली, सेकंडहँड, मुंबईकडून ट्रेलरवर समृद्धीनं आणली. मी आणि भाऊजींनी मिळून घेतली. तेव्हा आम्ही एकच गोष्ट नीट मोजली होती, रुंदी. आपल्याकडं रस्त्यावर 2.6 मीटर रुंदीपर्यंत चालतं आणि बोट साडेआठ फूट म्हणजे त्याच्या आत जेमतेम बसणारी. नंतर समजलं की हे साडेआठ फूट पाण्यासाठी नाहीच, अमेरिकेच्या रस्त्यांवर तेवढीच रुंदी चालते म्हणून ठरलेलं माप आहे ते. आता त्या साडेआठ फुटात झोपायला सहा जण, टॉयलेट, ओटा, टेबल, फ्रीज एवढं सगळं कोंबायचं, मग ती बोट वरच्या बाजूला उंच उंच होत जाते आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

काठावरून निघतानाच वारा होता. बोटीचा पाण्यावरचा भाग भिंतीसारखा उंच आणि पाण्याखाली जेमतेम दोन-तीन फूट, त्यामुळं हळू चालवताना वारा तिला ओढतो. आणि आमच्या बोटीला सुकाणू वेगळं नाही, इंजिन आत आणि पंख्याचा पाय मागं बाहेर लटकलेला, तोच पाय वळतो तेव्हा बोट वळते. म्हणजे गिअर काढला की स्टीअरिंग नुसतंच फिरतं. नवीन माणूस काठाजवळ येताना घाबरून गिअर काढतो आणि बरोबर त्याच क्षणी बोट हातातून जाते. आमचं पहिल्या वर्षी हेच होऊन राहिलं होतं. तिथले मासे धरणारे एक ढिवर काका आपला डोंगा घेऊन बाजूला उभे असायचे, एका बांबूवर डोंगा पाहिजे तिथं नेणारा माणूस, ते एकदा म्हणाले, "तुमची बोट हवाच चालवून राहिली जी, तुमी नाही." त्यांनीच शिकवलं की वाऱ्याच्या तोंडावर नाक धरून यायचं, गिअर थोडा थोडा देत राहायचं आणि दोर आधी वाऱ्याच्या बाजूचा बांधायचा. कोणत्याही मॅन्युअलपेक्षा ते काम आलं.

पुलाखालून निघून तासभर छान गेलो. पाण्यावर धुकं होतं, पाणकावळे त्या बुडालेल्या झाडांवर पंख पसरून बसलेले, पोरगी पुढं नाकाशी जॅकेट घालून बसली होती. वेग वाढवला की बोटीचं नाक इतकं वर येतं की चालवणाऱ्याला समोरचं पाणीच दिसत नाही, उभं राहून बघावं लागतं, आणि जिथं झाडांची खोडं आणि जाळी आहेत तिथं हे चालणारं नाही. शिवाय वेगात ताशी पंचेचाळीस-पन्नास लिटर पेट्रोल पितं ते आठ सिलिंडरचं इंजिन. म्हणून आम्ही इथं हळूच चालवतो. हळू चालवलं की बोट डावीकडं-उजवीकडं डुलत जाते, सारखं स्टीअरिंग सावरत बसा. म्हणजे ही बोट वेगासाठी बनवली, आणि आपल्या पाण्यात वेग घेता येत नाही.

साडेदहाच्या सुमारास टेंपरेचरचा काटा चढायला लागला. मीटर फॅरनहाइटमध्ये आहे, एरवी 160-170 ला असतो तो 200 च्या पुढं गेला. इंजिन बंद केलं, नांगर टाकला. कारण मला माहीत होतं. या इंजिनाला थंड ठेवणारं पाणी बाहेरूनच ओढलं जातं, त्या पंख्याच्या पायाला छोटी छोटी भोकं असतात त्यातून. मूळ बोटीत मधे गाळणी नव्हतीच! स्वच्छ तळ्यात चालत असेल ते, पण इथं जलपर्णी आहे. गेल्या वर्षी आम्ही स्वतः काचेच्या भांड्याची गाळणी लावून घेतली म्हणून पंप वाचला, नाहीतर आतलं रबरी चक्र कोरडं फिरलं की मिनिटाभरात जळतं आणि त्याचे तुकडे पुढं जाऊन अडकतात ते वेगळंच.

झाकण उघडलं. आतली जाळी काढली तर जलपर्णीची मुळं, काळी, केसांसारखी, मुठीएवढा गुंता, त्यात एक पाऊचचा फाटलेला कोपरा आणि एक शाम्पूची पुडी. आणि तो वास. तो वास नागपूरच्या कुठल्याही माणसाला सांगावा लागत नाही. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून निघालेली आपली नाग नदी सगळं शहर पोटात घेऊन कन्हानला मिळते, कन्हान इथं अंभोऱ्याला वैनगंगेत येते, आणि त्या सांडपाण्यावरच ही जलपर्णी पोसते. जाळी धुताना मला बोटीचं कमी आणि याचंच जास्त वाईट वाटत होतं, कारण हेच पाणी खाली शेतीला जातं, इथलेच मासे ती ढिवर मंडळी पकडतात आणि विकतात. पोरगीनं नाक दाबून विचारलं, "मामा, हे कुठून आलं?" मी म्हटलं, आपल्याच घरून आलं.

जाळी साफ झाली पण भाऊजींना पंपाचं चक्र बघायचंच होतं, आणि इथं मला बोट बनवणाऱ्यांवर खरंच राग येतो. मागचं सीट उचललं की इंजिन दिसतं, वरून एकदम ऐसपैस. पण पंप इंजिनाच्या पुढच्या अंगाला अगदी खाली, आणि समोर वीतभर अंतरावर केबिनची भिंत. भाऊजी डोकं खाली, पाय वर, एक हात आत घालून बोल्ट चाचपून राहिले होते, मी त्यांचा पट्टा धरून उभा, ताई टॉर्च धरून. चार बोल्ट काढायला सव्वा तास गेला. कारखान्यात आधी इंजिन बसवतात आणि मग त्याच्यावर सगळी बोट पांघरतात असं दिसतं. तिथं एक हातभर दार ठेवलं असतं केबिनच्या बाजूनं तर हेच काम दहा मिनिटांचं होतं. बोट घ्यायची असेल त्यांनी केबिनमधल्या गाद्या नंतर बघाव्यात, आधी ते सीट उचलून पंप, ऑइल फिल्टर आणि प्रत्येक प्लगपर्यंत आपला हात पोचतो का ते करून बघावं. तसंच पंख्याच्या पायाभोवती एक रबरी घडीचा गळपट्टा असतो, बाहेरचं पाणी आत येऊ न देणारा. त्याला भेग पडली की बोट उभ्या उभ्या बुडू शकते. तो बाहेरून दिसतच नाही, वाकून, पाय वळवून, घड्या उघडून बघावा लागतो.

समुद्रातून गोड्या पाण्यात बोट आणणाऱ्यांसाठी अजून एक. बुडाशी धातूचे जे तुकडे लावलेले असतात, बाकीचे भाग वाचवण्यासाठी स्वतः झिजणारे, ते समुद्रात जस्ताचे चालतात पण गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे लागतात. आम्ही वर्षभर जस्ताचेच ठेवले होते, ते तसेच्या तसे नवेकोरे राहिले आणि पंख्याच्या पायाला खड्डे पडले.

दुपारी भाकरी, भरीत, कांदा. ओट्याचं बेसिन एवढंसं की त्यात ताट आडवं मावत नाही. गॅसची शेगडी आम्ही काढूनच टाकली, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळाशी जाऊन बसतो आणि तिथंच बॅटरी आणि पंपाची वायरिंग. त्यावरून आठवलं, डेकवर तीन झाकणं आहेत एका ओळीत, सारखीच, चकचकीत. एक पाण्याचं, एक संडासच्या टाकीचं आणि एकावर लिहिलंय 'गॅस', म्हणजे अमेरिकेत पेट्रोल. मदतीला आलेल्या पोरानं एकदा पाण्याच्या झाकणात पेट्रोलचं नरसाळं लावलंच होतं, ताईनं ओरडून थांबवलं. आता पेट्रोलच्या झाकणाभोवती लाल ऑइलपेंटचा जाड गोल आहे. कारखान्यात हे करायला काय लागत होतं?

संध्याकाळी गार व्हायला लागलं म्हणून मागचं कापडी आच्छादन लावलं. त्याची बटणं आता जुळतच नाहीत, आपल्या उन्हानं कापड आटलंय, नागपूरचा मे महिना त्या कापडाच्या गणितात नव्हता. कसंबसं दोन बाजू लावून हळूहळू काठाकडं निघालो आणि दहाएक मिनिटांत पोरगी म्हणाली डोकं दुखतंय. मी लगेच इंजिन बंद केलं आणि सगळं कापड उघडून टाकलं. हे मी कळकळीनं लिहून राहिलो. एस्टीची मागची खिडकी उघडी असली की धूळ मागं न जाता आत ओढली जाते, तसंच चालत्या बोटीच्या मागं हवा फिरते आणि इंजिनाचा धूर उलटा आत येतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड नाकाला कळत नाही आणि माणूस झोपेतच जातो. केबिनमध्ये अलार्म होता, वाजला नाही. उघडून बघितलं तर त्याच्यावर छापलेली मुदत कधीचीच संपलेली. दोन वर्षं आम्ही त्याच्या भरवशावर झोपलो. त्या रात्री उशिरापर्यंत मला हेच डोळ्यासमोर येत होतं. पोरगी अर्ध्या तासात ठीक झाली, दूध प्यायली, पण ताई मग बराच वेळ कोणाशी बोलली नाही.

रात्री एका शांत खाडीसारख्या जागी नांगर टाकला. जाहिरातीत लिहिलेलं होतं, सहा जण झोपतात. दोघं पुढच्या त्रिकोणी पलंगावर, जिथं डोकी लांब लांब आणि चारही पाय एकाच कोपऱ्यात, बाजारातली कोणतीच चादर त्याला बसत नाही, ताईनं जुन्या लुगड्यांची त्रिकोणी गोधडी शिवली तेव्हा कुठं जमलं. दोघं मागच्या बाजूला बसायच्या जागेखालच्या बिळात, तिथं छत दोन-अडीच फुटांवर, कूस बदलायची तर खांदा लागतो आणि आतल्याला रात्री उठायचं तर बाहेरच्याला उठवावं लागतं. आणि दोघं टेबल खाली करून. पण सहा माणसांचे कपडे कुठं ठेवायचे याला जागाच नाही. पलंग मोजले, माणसं मोजली नाहीत.

संडासचा वास हा सगळ्यांचा प्रश्न असतो. आम्ही टाकी धुतली, औषधं टाकली, काही फरक नाही. मग भाऊजींनी कुठंतरी वाचलेला उपाय केला. जुना पंचा गरम पाण्यात पिळून नळीवरून पुसला आणि हुंगला. पंच्याला तोच वास! म्हणजे गळती कुठंच नाही, स्वस्तातली नळीच वर्षानुवर्षं आतून मुरलेली आणि वास तिच्या अंगातूनच बाहेर येतोय. नळी बदलायची तर ती कपाटामागून जाते, कपाट फायबरच्या साच्यात चिकटवलेलं.

पहाटे चारला पोरगी उठून बसली, म्हणे छत गळून राहिलं. गालावर थेंब. बाहेर तर चांदणं स्वच्छ. टॉर्च लावून बघितलं, छताच्या प्रत्येक स्क्रूच्या टोकाला एक एक थेंब लोंबत होता. बाहेर थंडी, आत पाच जणांचे श्वास, मधे नुसतं उघडं फायबर, अस्तर नाही, हवा जायला झरोका एकच. आम्ही दोघं पंचे घेऊन छत पुसत बसलो आणि मग झोप गेलीच म्हणून बाहेर आलो. पाण्यावर वाफ होती आणि लांब कुठंतरी डोंग्याच्या काठावर बांबू आपटल्याचा आवाज, मासे जाळ्याकडं हाकलायला करतात तो. ते काकाच असतील.

रविवारी दुपारी बोट बांधली, काकांना संत्र्याची बर्फी दिली, निघालो. नवा अलार्म वाटेतच फोनवरून मागवला, बाकीचं नंतर. नंदनवनला ताईला सोडायला वळलो तेव्हा अंधार पडला होता, गाडीच्या काचा खाली होत्या. नाग नदीचा पूल आला आणि पोरगी झोपेतून उठून म्हणाली, "मामा, आपल्या गाळणीचा वास."