बंडीत चढतं ते, वावरात राहतं ते

नागपूरकडची काही शेतकरी घराणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दर काही वर्षांनी गाव बदलत. कारण कुळाच्या हक्कात सापडतं. गाव मालगुजाराचं, म्हणजे सरकारचा सारा भरणाऱ्या गावमालकाचं. मौरुसी, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काच्या, कुळाला सहजासहजी हलवता येत नसे. पण मालगुजाराच्या सीर, म्हणजे घरच्या जमिनीवर राबणारा, किंवा दुसऱ्या कुळाकडून बटईने (पिकाच्या वाट्यावर), ठेक्याने वावर (शेत) घेणारा शिकमी, म्हणजे पोटकूळ, मुदत संपली की मोकळा. 1920 च्या कायद्याने साध्या कुळांना मौरुसी हक्क मिळाले, शिकमी होता तिथेच राहिला. त्यात 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ, 1918 ची पावसाची ओढ आणि मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ. बैल मेले की वावर सुटे, वावर सुटलं की गाव.

हलायचा काळ ठरलेला: पाडव्यापासून मृगापर्यंत, दोन-अडीच महिने. आधी निघावं तर तूर-गहू खळ्यावर, उशीर केला तर काळ्या मातीत चाक आखापर्यंत (आसापर्यंत) रुतणार. नद्याही याच दिवसांत बंडीने (बैलगाडीने) ओलांडता येत.

पण याच उन्हात चाकं दगा देतात. लाकूड सुकून आक्रसतं, आरे खुळखुळतात आणि चाकावरची लोखंडी धाव सैल होऊन निसटते. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी चाकं काढून तळ्यात बुडवून ठेवायची, वाटेत मुक्कामाला ओलं पोतं गुंडाळायचं. धाव फारच ढिली असेल तर लोहाराकडून छोटी करून, गोवऱ्यांच्या आगीत तापवून पुन्हा चढवायची. आखाला एरंडीच्या तेलाचं वंगण. ते विसरलं तर चाक नुसतं कुरकुरत नाही, आखच खातं.

भरताना जड सामान मधोमध, आखावर: जातं, पाटा, वखराच्या पासा (लोखंडी पाती), सागाचे खांब आणि दाराची चौकट. हो, चौकटसुद्धा. भिंती तुराट्यांच्या, शेणामातीने लिंपलेल्या. त्या सोडून जायच्या, सागवान सोडायचं नाही. वजन मागे गेलं तर बंडी उलाळ होते आणि जू बैलांच्या गळ्याला फास लावतं. पुढे आलं तर मानेला गाठी येतात. मडकी कडब्यात रोवून सगळ्यात वर.

भरलेली बंडी तासाला तीनेक किलोमीटर जाते. पहाटे जुंपायचं, ऊन चढायच्या आत सोडायचं, पुन्हा सायंकाळी. उमरेडहून काटोलला सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे पाच दिवस धराच. काळ्या मातीतले बैल बिननालेचे असतात. गिट्टीच्या सडकेवर त्यांचे खूर झिजतात, तेव्हा लांबच्या वाटेआधी नाल ठोकून घ्यावी लागे.

खरी अडचण कडब्याची. एका जोडीला रोज 12 ते 15 किलो सुका चारा लागतो. नवं गवत यायला शंभर दिवस धरले तर बारा ते पंधरा क्विंटल! वजनापेक्षा त्याचा फुगवटा नडतो, एका खेपेत बसतच नाही. म्हणून नातलगाची बंडी मागायची, नाहीतर कडबा विकून नव्या गावात महाग घ्यायचा.

बियाणं मात्र बायकांच्या ताब्यात, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून. ज्वारी एकरी चार शेर, सरकी (कपाशीचं बी) पाच-सहा शेर. पेरताना सरकी शेणकाल्यात चोळायची, नाहीतर तिचा लव एकमेकांत गुंततो आणि पेरणीचं चाडं तुंबतं. बी संपलं तर सवाईने उचल, म्हणजे खंडीला सव्वा खंडी परत. सुतार-लोहाराला धान्यात बलुतं द्यायचं, पण नवख्याला उधारी कोण देणार? म्हणून तिफण, डवरे ही अवजारं दुरुस्त करूनच निघत.

नवं वावर पाहायचं ते याच दिवसांत. काळी, मोरंड, खरडी, बरडी ही मातीची नावं सांगणारा सांगेल. आपण भेगांची खोली बघायची, मागच्या पऱ्हाट्या (कपाशीची झाडं) कमरेपर्यंत वाढल्या की गुडघ्यापर्यंत ते बघायचं, आणि कुंद्या तणाचे वाळके ठोंब मोजायचे. कुंदा आणि हरळी माजलेलं वावर स्वस्त मिळतं. वखराच्या पाळ्यांवर पाळ्या देऊन ते साफ होईपर्यंत दोन-तीन हंगाम जातात, आणि साफ झालेलं वावर मालकाला परत हवंसं वाटतं.

शेणखताचंही तेच. एका वर्षात घातलेलं खत दुसऱ्या-तिसऱ्या पिकापर्यंत फळ देतं. तीन सालांचा ठेका असेल तर पहिल्या साली घालावं, दुसऱ्या साली हात आखडावा, तिसऱ्या साली शेणाच्या गोवऱ्याच थापाव्यात. शिकमी जमीन खराब करतात, ही मालगुजारांची जुनी तक्रार. हिशेब मात्र शिकमीचाच बरोबर होता. उकिरडा काही बंडीत चढत नाही.