बदामाचे नख

सांगलीत बेकरी चालवायची तर अंड्याविना काम जमलेच पाहिजे, हे मी वडिलांकडून शिकलो. आमच्या गिऱ्हाइकांत जैन कुटुंबे पुष्कळ, त्यामुळे ऑर्डरच्या वहीत नावापुढे पहिला रकाना अंड्याचा, दुसरा कंदमुळाचा आणि तिसरा पदार्थ किती वाजेपर्यंत खाऊन संपायला हवा याचा असतो; सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या घरी संध्याकाळी सातला केक पोहोचवला तर तो सकाळपर्यंत तसाच राहतो. या तीन रकान्यांत सगळे मावते, अशी माझी पंचवीस वर्षे समजूत होती. गेल्या ऑक्टोबरात, दिवाळीचा फराळ आटोपून भट्टीला जरा उसंत मिळाली असताना, एका शनिवारी ती समजूत कोलमडली.

ऑर्डर मुलाच्या आठव्या वाढदिवसाची होती. वाढदिवस 31 ऑक्टोबरच्या आसपासचा आणि शाळेतल्या मुलांना हॅलोविन ठाऊक झालेले, म्हणून त्याच्या आईने घरी भूत पार्टी ठरवून पंचवीस मुलांना बोलावले होते. काय हवे ते तिने फोनवरच्या चित्रांतून सांगितले: चेटकिणीची बोटे, पांढरी भुते आणि कोळी बसलेले कपकेक. चित्रे दाखवून पदार्थ मागण्याची ही रीत मला आवडत नाही, कारण ज्याने चित्र काढले त्याने तो पदार्थ खाल्लेला असतोच असे नाही. पण बाई व्यवस्थित होत्या. अंडे नको, मध नको, जिलेटिन नको, रंगासाठी बीट नको, आणि सहाच्या आत सगळे आटोपायचे, हे त्यांनी स्वतःहून लिहून दिले. दुपारी चारची, लख्ख उन्हातली भूत पार्टी! मला तेव्हा त्याचेच हसू आले होते.

बोटांचे बिस्कीट दिसते अवघड, पण असते सोपे. तीनशे ग्रॅम मैदा, दोनशे ग्रॅम लोणी, शंभर ग्रॅम पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ एवढेच त्यात पडते. सोडा किंवा बेकिंग पावडर अजिबात घालायची नाही, नाहीतर बोट फुगून वांग्यासारखे दिसते. वळताना ते आपल्या करंगळीपेक्षाही बारीक वळावे लागते, कारण लोणी वितळताना पीठ पसरतेच. मग सुरीच्या पाठीने दोन ठिकाणी तीन-तीन चिरा पाडायच्या, त्या चिरांच्या शेजारी किंचित दाबून पेर उठवायचे, आणि टोकाला सोललेला बदाम जरा तिरका रोवायचा. तिरका महत्त्वाचा, सरळ रोवला की ते बोट न वाटता बदाम लावलेली नानकटाई वाटते. अर्धा तास थंड करून एकशे साठ अंशांवर वीस मिनिटे भाजल्यावर बदाम उचलून त्याखाली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी जॅमचा थेंब सोडायचा आणि तो परत दाबायचा, म्हणजे नखाच्या कडेने लाल ओघळ येतो. अशी पन्नास बोटे शुक्रवारी संध्याकाळी तयार झाली. पहिला घाणा पाहून भट्टीवरचा आमचा कारागीर दोन पावले मागे सरकला, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला, हे कबूल करतो.

भुतांवर मी त्याहून जास्त कष्ट घेतले. अंड्याच्या पांढऱ्याऐवजी काबुली चणे शिजवलेले पाणी चालते, ही युक्ती जगभरच्या बेकऱ्यांत गेल्या दहाएक वर्षांत पसरलेली आहे. ते पाणी निम्मे आटवून गार करायचे, लिंबाचे चार थेंब टाकून बारा-तेरा मिनिटे फेटायचे आणि फेसाला टोक धरू लागल्यावर पिठीसाखर चमचा चमचा सोडायची. घाई केली की फेस बसतो आणि पुन्हा उठत नाही. पिशवीतून उंच टोकाचे ढीग सोडून शंभर अंशांवर दोन तास वाळवायचे आणि भट्टी बंद करून रात्रभर आतच ठेवायचे, कारण आपल्याकडची ओल त्यांना तासाभरात चिकट करते. सकाळी साठ भुते कुरकुरीत उतरली. मी वितळलेल्या चॉकलेटचे डोळे देत बसलो होतो, निम्म्यांना देऊन झाले होते, तेवढ्यात मुलाची आई आजींना घेऊन आली. अकरा वाजले होते.

आजींना फक्त अंड्याची खात्री करायची होती. त्यांनी पिठाच्या पाकिटांवरचा हिरवा ठिपका पाहिला, लोण्याचा पाहिला, आणि मग त्यांची नजर बोटांच्या ट्रेवर गेली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

"ही पोरांनी खायची?"

मी म्हणालो, "आजी, मैदा-लोणीच आहे. अंड्याचा थेंब नाही."

"यशोधर राजाचा कोंबडा पण पिठाचाच होता, बाळा."

ती गोष्ट मला ठाऊक नव्हती. आजींनी ती उभ्या उभ्या सांगितली. राजाला वाईट स्वप्न पडले, तेव्हा आईने देवीला बळी द्यायला सांगितले. राजा जीव मारायला तयार होईना, म्हणून मायलेकांनी तोड काढली आणि पिठाचा कोंबडा करून तो कापला. रक्त सांडले नाही, पण कापतानाचा भाव मारण्याचाच होता. पुढच्या जन्मी राजा मोर झाला आणि आई कुत्रा, आणि दोघे जन्मामागून जन्म जनावरे होऊन मरत राहिले. "संकल्पी हिंसा म्हणतात याला," आजी म्हणाल्या. "हात काय कापतो ते नंतर. मन काय कापतं ते आधी."

सूनबाई संकोचल्या होत्या. "आई, खेळ आहे हो मुलांचा," एवढेच त्या म्हणाल्या. आजी चिडल्या नाहीत, आणि त्यामुळेच मला वाद घालता येईना. बोटे गेली. कपकेकवरचे कोळी गेले. भुतांना तरी देह नसतो, असा मी शेवटचा प्रयत्न केला, तर त्यांनी सांगितले की भूत आणि पिशाच हे व्यंतर देवांचे प्रकार आहेत, तेही जीवच. मग त्यांनी डोळे न दिलेल्या ढिगांकडे बोट केले आणि विचारले, "आणि ही शिखरं कशाची?"

मी खोटे बोललो नाही. ती अजून कशाचीच झालेली नाहीत, असे म्हणालो.

"मग असू देत."

एकाच पिशवीतून सुटलेला तोच फेस, पण दोन ठिपके पडलेली तीस भुते बाद झाली आणि न पडलेली तीस धुके म्हणून राहिली.

पाच तास हातात होते आणि ज्यात एकही जीव नाही असे भय मला बनवायचे होते. भोपळा आठवला, अर्थात बिनचेहऱ्याचा. हॅलोविनला आयर्लंडमध्ये पूर्वी सलगम कोरत, अमेरिकेत गेल्यावर भोपळा आला. सलगमच राहिले असते तर कंदमूळ म्हणून तेही गेले असते. भोपळ्यांचा पिवळा रंग आपल्या सांगलीच्या हळदीने दिला. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले याचे कौतुक सगळे करतात, पण सोडा असलेल्या पिठात तीच हळद विटेसारखी लाल होते, हे एखादा ट्रे वाया घालवल्यावरच कळते. माझ्या पिठात सोडा नव्हता, म्हणून रंग टिकला. हळद कंदच ना, असे मी आजींना जाण्यापूर्वी विचारून घेतले होते. वाळवलेली चालते, म्हणाल्या.

कारागिराने चेटकिणीचा झाडू सुचवला आणि स्वतःच मागे घेतला. आठवड्यापूर्वी लक्ष्मीपूजनाला जिची पूजा केली ती केरसुणी चावून कशी खायची? मग आम्ही पडके वाडे केले. बिस्किटाच्या पिठातून वाड्याचा आकार कापायचा, त्यात खिडक्या कोरायच्या, बिस्कीट जवळजवळ भाजले की त्या खिडक्यांत संत्र्याच्या गोळ्यांचा चुरा भरून ट्रे पुन्हा चार मिनिटे आत ठेवायचा. गोळी वितळून काचेसारखी बसते. पूर्ण गार होईपर्यंत उचलायचे नाही, हा यातला एकमेव नियम, आणि तो मोडून मी पहिल्या सहा वाड्यांच्या खिडक्या ओघळवल्या. दारांना शिळ्या खारीचे थर फळ्यांसारखे लावले. कपकेकवर पातळ पांढऱ्या साखरेत कोकोची वर्तुळे काढून, ती ओली असतानाच टोकदार काडीने मधून बाहेर रेघा ओढल्या, की जाळे तयार होते. एकेक कपकेकच करावा लागतो, कारण साखर मिनिटभरात सुकू लागते. पंचवीस जाळी झाली. सगळी रिकामी. शेवटी डोळे नसलेली शिखरे वाड्यांच्या भोवती मांडली.

चारला मी स्वतः माल घेऊन गेलो. सजावटवाल्याने थर्माकोलचा सांगाडा दारातच टांगला होता. त्याला कोणी काही विचारलेले दिसले नाही, आणि तो खायचा नव्हता म्हणून आजींचीही हरकत नसावी. मुले टेबलाभोवती गोळा झाली आणि पहिलाच प्रश्न आला, "भूत कुठाय?" वाढदिवसाचा मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आत." मग प्रत्येकाने वाडा उचलून पिवळ्या खिडकीला डोळा लावला. जाळ्यातला कोळी कुठे गेला यावरून दोघांचे भांडण झाले आणि एका मुलीने कपकेकचा कागद उलटसुलट पाहिल्याशिवाय तो खाल्ला नाही. माझ्या बोटांना इतके कोणी घाबरले असते का, मला शंका आहे. आजींनी पावणेसहाला सगळे आवरायला लावले.

पैसे देताना सूनबाई हळूच म्हणाल्या, "तुम्हीच आधी विचारायला हवं होतं." चित्रे त्यांनी पाठवली होती. मी काही बोललो नाही, पण ते वाक्य मला अजून खुपते, आणि त्यात थोडे तथ्य असावे म्हणूनच खुपत असेल. बोटांचे पैसे मी लावले नाहीत. बाद भुते कारागीर मुलांसाठी घेऊन गेला.

दुकान बंद करताना शटरवर टांगलेल्या कोहळ्याकडे लक्ष गेले. दृष्ट लागू नये म्हणून तो दर वर्षी बदलतो, आणि खंडेनवमीला भट्टीपुढे एक कोहळा आम्ही कुंकू लावून कापतो. तो बोकडाऐवजी कापतात, असे वडील सांगत. आम्ही किती सौम्य, अशा सुरात सांगत. आजींपुढे हे आधी आठवले नाही, ते बरेच झाले.

पन्नास बोटे डब्यात राहिली होती. ती काउंटरला लावावी असे कारागिराचे मत पडले, आणि धंद्याच्या हिशेबाने ते बरोबर होते, पण डबा मी आतच ठेवला. रविवारी सकाळी चहाबरोबर त्यातले एक घेतले. बिस्कीट उत्तम झाले होते. फक्त तोंडाशी नेण्याआधी मी टोकाचा बदाम उपटून बशीत ठेवला होता, हे मला चहा संपल्यावर दिसले.